‘डॉन्ट’ (daunt) म्हणजे नुसतं घाबरवणं का? अर्थ, मूळ आणि आपल्याकडचा ‘दम्’

धातुपाठ (धागाकर्ता)

स्पर्धा परीक्षांच्या शब्दयाद्यांत ‘डॉन्ट’ या इंग्रजी क्रियापदापुढे ‘घाबरवणे, भिववणे’ एवढंच छापलेलं असतं. मुलं तेवढंच पाठ करतात आणि मग वहीत वाक्य उतरतं, ‘द डॉग डॉन्टेड द चाइल्ड’. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, तरी वाक्य फसलेलं आहे. कुत्रं अंगावर आलं आणि पोरगं दचकलं, तर तिथं ‘स्केअर’ किंवा ‘फ्रायटन’ हवं.

‘डॉन्ट’ वापरायचं तर आधी त्या माणसानं काहीतरी करायचं मनावर घेतलेलं असावं लागतं. परीक्षेला बसायचंय, गड चढायचाय, कोर्टात दावा लढायचाय. मग समोरचा पसारा पाहून त्याचं अवसान गळतं. हे अवसान गाळणं म्हणजे ‘डॉन्ट’. भीती त्यात आहेच, पण घाव पडतो तो हिमतीवर.

पडताळा घ्यायचा असेल तर वाक्याच्या शेवटी ‘तरी तो मागे हटला नाही’ जोडून पाहा. ‘अभ्यासक्रम पाहून तो बिचकला, तरी मागे हटला नाही’, इथं ‘डॉन्ट’ बसतं. ‘दार आपटलं तसा तो दचकला, तरी मागे हटला नाही’, इथं कशापासून मागे हटायचं तेच कळत नाही. तिथं ‘स्टार्टल’ घ्या.

असा अर्थ का झाला ते शब्दाच्या प्रवासात दिसतं. लॅटिनमध्ये ‘दोमारे’ म्हणजे रानटी जनावर माणसाळवणं, घोडा लगामाला आणि बैल जुवाला तयार करणं. एखादी क्रिया पुन्हा पुन्हा, नेटानं करणं दाखवायला लॅटिन क्रियापदाला एक जोड लागते. ती लागून ‘दोमारे’चं ‘दोमितारे’ झालं. त्याच साच्यात ‘आगेरे’ म्हणजे हाकणं, त्याचं ‘आगितारे’, आणि त्यातून इंग्रजी ‘अ‍ॅजिटेट’. ‘दोमितारे’चं जुन्या फ्रेंचमध्ये ‘दोन्तेर’ झालं, त्याचंच दुसरं रूप ‘दान्तेर’. हे दुसरं रूप इंग्लंडात गेलं आणि इ.स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत ‘जिंकणे, नमवणे’ या अर्थानं दिसू लागलं. ‘हिंमत खच्ची करणे’ हा आजचा अर्थ पंधराव्या शतकाच्या अखेरचा.

म्हणजे शब्दाच्या बुडाशी खांद्यावर पहिल्यांदा जू घेतलेला गोऱ्हा आहे. त्याला भ्यायला लावणं हा हेतू नसतो. त्यानं झटापट सोडून द्यावी एवढंच हवं असतं. हे चित्र डोळ्यांपुढे असलं की ‘डॉन्ट’ कुठं वापरायचं ते फारसं चुकत नाही.

आणि हा ‘दोमारे’ आपल्याला परका नाही. संस्कृतातला दम् धातू त्याचा सख्खा भाऊ: दाम्यति, दमयति, दमन, दान्त. विदर्भात बसून या शब्दावर लिहायचं आणि दमयंतीचं नाव घ्यायचं नाही, हे बरं दिसणार नाही. पण ते महाभारत नीट वाचलेल्यांनी लिहावं. माझं काही चुकलं असेल तर दुरुस्त करा.

तर्री_पोहा

भाऊ, मग हिंदीतलं ‘डाँटना’ काहून वेगळं? आपल्या नागपुरात तर ‘सरांनी डाँटलं’ हे रोजचंच. ‘डॉन्ट’ अन् ‘डाँट’, आवाज एक, अर्थ शेजारचा. आणि ‘दम देणे’, ‘दमछाक’ हे सगळे एकाच घरातले धरायचे का?

धातुपाठ

‘डाँटना’ सोडून द्या, तर्रीभाऊ. ‘डॉन्ट’मधला ‘ट’ मुळातला नाहीच. वर जी ‘पुन्हा पुन्हा’ची जोड सांगितली, तिच्यातला तो ‘त’ आहे. ‘न’सुद्धा मुळातला नाही, ‘म’च्या लगेच पुढे ‘त’ आला म्हणून ‘म’चा ‘न’ झाला. खरवडून काढलं तर खाली फक्त द आणि म उरतात. आता ‘डाँट’मधला ‘ट’ त्याच्याशी जुळवायचा म्हणजे हिंदी धातूचं अक्षर लॅटिन प्रत्ययाच्या अक्षराला बांधायचं. तसं चालत नाही.

दुसरं, लॅटिनच्या ‘द’समोर संस्कृतात दंत्य ‘द’ उभा राहतो: दुओ आणि द्वि, देकेम आणि दश. ‘ड’ नाही. ‘डॉन्ट’चा पहिला वर्ण आपल्याला ‘ड’ ऐकू येतो, कारण इंग्रजी बोलणाऱ्याची जीभ दातांना न लागता वरच्या हिरडीला लागते. ती जिभेची सवय आहे, शब्दाचं कूळ नव्हे.

‘दमछाक’चं उत्तर लांब आहे, ते कुणीतरी नीट लिहा.

लेखणी_महाल

दोन ‘दम’ वेगळे केले की गुंता सुटतो.

पहिला दम संस्कृतातला: शम-दम, इंद्रियदमन, दमनशाही, मानसशास्त्रात ‘दमित इच्छा’. दुसरा फारसीतला, त्याचा अर्थ श्वास. दमा, दम घेणे, दमछाक, बेदम, एका श्वासात म्हणून एकदम, हे सगळे श्वासाचे. फारसी ‘दम’चा संस्कृतातला जोडीदार शोधायला गेलात तर तो दम् धातू निघत नाही; तो निघतो ध्मा, धमति, म्हणजे फुंकणं. धमनी त्यातलीच. इराणी भाषांत ‘ध’मधला हकार गळून ‘द’ राहतो. संस्कृत धृ, धारण करणे, आणि जमीनदार-फौजदारमधला ‘दार’ ही त्याच नियमाची जोडी. म्हणून दमछाक ही ‘डॉन्ट’ची कुणीच लागत नाही, कितीही सारखी दिसली तरी.

‘दम देणे’ तर अर्थानंही दूर आहे. दम देणं तोंडी असतं, ‘पुन्हा इकडे दिसलास तर बघ’. ते ‘थ्रेटन’. डोंगर कुणाला दम देत नाही, पण ‘डॉन्ट’ करू शकतो.

जुना संस्कृत दम अगदी घरगुती रूपात पाहायचा तर चैत्रातला दवणा घ्या. मूळ शब्द दमनक. मधल्या ‘म’चा ‘व’ झाला, जसं ग्रामचं गाव आणि नामचं नाव. पंचतंत्रातल्या दमनक कोल्ह्याचं नावही त्याच धातूचं.

ध्वनीवाला

‘म’चा ‘न’ कसा झाला याला आणखी दोन साक्षीदार देतो, म्हणजे ‘दोमितारे’चं ‘डॉन्ट’ होणं ओढूनताणून वाटणार नाही.

लॅटिनमध्ये बापाच्या बहिणीला, म्हणजे आपल्या आत्याला, ‘आमिता’ म्हणत. मधला बिनआघाताचा ‘इ’ गळला, ‘म’ आणि ‘त’ एकमेकांना भिडले, ‘म’चा ‘न’ झाला आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘आन्त’ उरलं. तेच इंग्रजी ‘आँट’. लॅटिन ‘कोम्पुतारे’ म्हणजे हिशेब करणं. त्याचं त्याच वाटेनं ‘कोन्तेर’ आणि मग इंग्रजी ‘काउंट’. आत्या, मोजणं आणि माणसाळवणं, तीन शब्द, एकच खाच.

फ्रेंचांनी पुढे गंमत वाटावी असं एक काम केलं. आज ‘माणसाळवणे’चा त्यांचा शब्द लिहिताना ‘म’नंतर एक ‘प’ घालतात. ‘मोजणे’मधल्या ‘प’ला लॅटिनचा आधार आहे, ‘कोम्पुतारे’त तो होताच. ‘दोमितारे’त ‘प’ कधीच नव्हता. उच्चार ‘दोंते’ असाच. सर्कशीत सिंहाच्या पिंजऱ्यात शिरणाऱ्या माणसाला फ्रेंचमध्ये याच क्रियापदावरून नाव आहे, म्हणजे जनावराचा मूळ अर्थ तिथं अजून जिवंत आहे. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘दोमार’ म्हणजे आजही घोडा तयार करणं.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ए’नंतर ‘यू’ का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. इंग्लंडात बोलल्या जाणाऱ्या नॉर्मन फ्रेंचमध्ये नाकातला ‘आँ’ असा लिहायची रीत होती. हॉन्ट, टॉन्ट, व्हॉन्ट, लाँच हे सगळे त्या रीतीचे. ‘आँट’ही त्याच रीतीनं लिहिलं गेलं, फक्त ब्रिटिश उच्चारात त्याचा ‘आ’ राहिला आणि बाकीच्यांचा ‘ऑ’ झाला. म्हणून यमक जुळवायचं तर ‘हॉन्ट’शी जुळवा, ‘आँट’शी नको.

उच्चार करताना: ओठ गोल, ‘ऑ’ लांब ओढा, मग ‘न्ट’ झटकन. ‘ऑ’ आखूड केला किंवा ‘ओ’कडे झुकला की ऐकणाऱ्याला ‘डोन्ट’, म्हणजे ‘करू नकोस’, ऐकू येतं. ‘इट डॉन्ट्स मी’ म्हणताना तर ऐकणारा थबकतोच. मुलाखतीत हा शब्द क्रियापद म्हणून टाळा आणि ‘डॉन्टिंग’ वापरा. पुढे ‘इंग’ असल्यानं घोटाळा होत नाही.

रामदासपेठ_२

‘टेम’ (tame), म्हणजे माणसाळवणं, हा शब्दही याच कुळातला ना? मग एकाच मुळापासून ‘टेम’ आणि ‘डॉन्ट’, एकाला ‘ट’ आणि दुसऱ्याला ‘ड’, हे कसं?

धातुपाठ

बरोबर पकडलंत. ‘टेम’ हा इंग्रजीचा घरचा शब्द आणि ‘डॉन्ट’ बाहेरून आलेला. इंग्रजी ज्या कुळातली त्या जर्मानिक भाषांत जुन्या ‘द’चा ‘त’ झाला, लॅटिन आणि संस्कृतात तो ‘द’च राहिला. द्वि आणि टू, दश आणि टेन, दन्त आणि टूथ, दारु आणि ट्री, पद् आणि फुट, अद् आणि ईट, तसंच दम् आणि टेम. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कनं १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये ही अदलाबदल नियम म्हणून मांडली. ‘डॉन्ट’ इंग्रजीत आला तेव्हा हा बदल होऊन हजारांहून जास्त वर्षं लोटली होती, म्हणून त्याचा ‘द’ तसाच राहिला.

तिसरं भावंड ‘इन्डॉमिटेबल’. ते थेट लॅटिनमधून आलं, फ्रेंचच्या गिरणीतून गेलं नाही, म्हणून त्यात ‘म’ शाबूत आहे. अर्थ ‘दमन करता न येणारा’, अदम्य. ‘अदम्य’ आणि ‘इन्डॉमिटेबल’ हे अक्षरश: एकमेकांचे भाषांतर आहेत: नकार, मग दम्, मग ‘शक्य असलेला’. इतकी नेमकी जोडी क्वचित मिळते. वर्गात फळ्यावर हे दोन शब्द एकाखाली एक लिहिले की ‘डॉन्ट’ वेगळा पाठ करायची गरज पडत नाही.

शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकाच्या नावातच ‘टेम’ आहे, आणि पहिल्याच अंकात नायक विचारतो की थोड्याशा गोंगाटानं माझे कान ‘डॉन्ट’ होतील का. लगेच पुढे सिंहाची गर्जना येते. दोन्ही भावंडं एका छपराखाली, आणि जनावरही सोबतीला.

संघमित्रा_एन

हा धातू नागपुरात रोज हजारो तोंडांतून म्हटला जातो, त्याचा उल्लेख इथं व्हायलाच हवा. बुद्धवंदनेत ‘अनुत्तरो पुरिसदम्मसारथि’ म्हणतो. त्यातला ‘दम्म’ म्हणजे संस्कृत ‘दम्य’. पालीत ‘म्य’चा ‘म्म’ होतो, जसं सम्यक्चं सम्मा. अर्थ: ज्यांना वळण लावायचं आहे अशा माणसांचा श्रेष्ठ सारथी. १४ ऑक्टोबर १९५६ पासून दीक्षाभूमीशी जोडल्या गेलेल्या या वंदनेत बसलेला हा शब्द, आणि त्याचा दूरचा भाऊ इंग्रजीत ‘हिंमत खचवणे’.

एक सावधानता. हा ‘दम्म’ आहे, ‘धम्म’ नाही. धम्म म्हणजे धर्म, धातू धृ. म्हणताना ‘पुरिसधम्म’ होऊन जातं, छापील पुस्तिकांतही ही चूक सापडते, आणि अर्थच बदलतो.

‘सारथी’ का म्हटलं ते ‘दम्य’ कळल्यावर उलगडतं. अमरकोशात ‘दम्यवत्सतरौ समौ’ आहे: दम्य म्हणजे वासरूपण संपलेला, आता जुंपायला शिकवायचा तो गोऱ्हा. धम्मपदातही हेच जनावर, फक्त तिथं हत्ती आहे: ‘दन्तं नयन्ति समितिं’, शिकवून तयार केलेला तेवढाच सभेत नेतात. आणि त्याच्याच पंडितवग्ग या प्रकरणात पाट काढणारे, बाण करणारे, सुतार यांच्या ओळीत शेवटी येतं, ‘अत्तानं दमयन्ति पण्डिता’. शहाणे स्वत:चं दमन करतात.

इथं मला धागाकर्त्यांच्या मांडणीला एक पुस्ती जोडायची आहे. आपल्याकडे दम् धातू बहुतेक आत वळला. बृहदारण्यक उपनिषदात प्रजापती ‘द’ म्हणतो आणि देव त्यातून ‘दाम्यत’ ऐकतात, स्वत:ला आवरा. बाहेरच्याला नमवणंही आहे, गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘दण्डो दमयतामस्मि’ येतंच, पण मान मिळाला तो आत्मदमनाला. इंग्रजीत शब्द बाहेरच राहिला: कुणीतरी किंवा काहीतरी तुम्हाला नमवतं. म्हणून ‘डॉन्ट युवरसेल्फ’ असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही. मूळ एक असलं तरी वापर उचलून आणता येत नाही, हे मुलांना बजावून सांगावं.

कौंडिण्य

दमयंतीचं मी घेतो. वनपर्वातल्या नलोपाख्यानात विदर्भाचा राजा भीम नि:संतान असतो. त्याच्याकडे दमन नावाचे ऋषी येतात, राजा-राणी त्यांचा सत्कार करतात, ऋषी वर देतात आणि चार अपत्यं होतात. श्लोकाचा अर्धा असा: ‘दमयन्तीं दमं दान्तं दमनं च सुवर्चसम्’.

हा अर्धा श्लोक म्हणजे दम् धातूचा चालता-बोलता पाठ आहे. दम: क्रियेचं नाव. दान्त: ज्याचं दमन झालं तो. दमन: दमन करणारा, शिवाय वर देणाऱ्या ऋषींचंही नाव. आणि दमयन्ती: प्रयोजक धातूचं वर्तमानकालवाचक धातुसाधित, स्त्रीलिंगी, म्हणजे ‘दमन करीत असलेली’. संस्कृत शिकवणाऱ्यानं हे चारही एका ओळीत दाखवले तर कृदन्तांचा अर्धा तास वाचतो.

ती कुणाचं दमन करते, याचं उत्तर बाराव्या शतकातल्या श्रीहर्षानं नैषधीयचरितात हंसाच्या तोंडी दिलं आहे: तिन्ही लोकींच्या सुंदरींचा सौंदर्याचा मद ती उतरवते, म्हणून दमयंती. इथं जनावर मागे पडलं आणि मद, म्हणजे मनाचा ताठा, दमनाचा विषय झाला. इंग्रजीत ‘नमवणे’पासून ‘धीर खचवणे’पर्यंतचा प्रवास याच वळणाचा आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसताना.

राजधानी कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर ते हेच अशी परंपरा आहे. रुक्मिणीचं माहेरही तेच मानतात.

तर्री_पोहा

हे चारही एका ओळीत असतील असं वाटलं नव्हतं, बाप्पा. आता आणखी एक विचारून घेतो. ‘डोमेस्टिक’ म्हणजे पाळीव, घरगुती. मग ‘दोमुस’ म्हणजे घर, आणि ‘दोमारे’ म्हणजे घरी आणणं, असंच असणार ना?

लेखणी_महाल

मोह होतो खरा, पण आज हे दोन धातू वेगळे धरतात. एक काळ असा होता की दोन्ही एकच मानत. घराचा शब्द संस्कृतातही आहे: ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ‘वर्धमानं स्वे दमे’, अग्नी आपल्या घरात वाढतो. ‘दंपती’मधला ‘दम्’ही तोच, घराचे धनी. ग्रीक ‘देस्पोतेस’, ज्यातून इंग्रजी ‘डेस्पॉट’, त्याचीही घडण तशीच: घर आणि पती. लग्नपत्रिकेतला आणि हुकूमशाहीतला शब्द एकाच साच्याचे.

भीतीच्या बाजूनं घराच्या धातूचा एक वंशज मात्र सांगण्यासारखा आहे: ‘डेंजर’. घराचा धनी ‘दोमिनुस’, त्याची सत्ता, त्या सत्तेच्या तावडीत असणं, आणि मग धोका. ‘लय डेंजर माणूस आहे’ म्हणताना मूळ अर्थ जवळजवळ परत येतो.

आणि ‘डाउट’? तोही कुणीतरी विचारेल. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ भिणं असाही होता, म्हणून गल्लत होते. त्याचं लॅटिन मूळ ‘दुबितारे’, संशय घेणं. त्याचा ‘डॉन्ट’शी संबंध नाही.

अ‍ॅड_सिव्हिल_लाइन्स

कामाच्या बाजूनं लिहितो. अर्जात, तक्रारीत, प्रतिज्ञापत्रात ‘डॉन्ट’ वापरू नका. ‘द अक्यूज्ड डॉन्टेड द विटनेस’ असं भाषांतर टेबलावर येतं, कारण मराठी मसुद्यात ‘आरोपीने साक्षीदारास घाबरविले’ असतं आणि कोशात पहिला जो शब्द दिसला तो उचललेला असतो. कायद्यातला शब्द ‘इंटिमिडेट’. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०३, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५१. मराठीत त्याला धाकदपटशा म्हणतात. त्यात धमकी देणाऱ्याचा हेतू लागतो: समोरच्याला धास्तावायचं, किंवा त्याच्याकडून नको ते करवून घ्यायचं, नाहीतर हक्काचं करू द्यायचं नाही. ‘डॉन्ट’ला हेतूच लागत नाही. कोर्टाची पायरी, कागदांचा ढीग, तारखांची रांग ही साक्षीदाराला ‘डॉन्ट’ करतात, आणि त्यावर कलम लागत नाही. या एका शब्दाच्या चुकीनं तक्रार पातळ होते, म्हणून तळमळीनं सांगतो.

अनुवाद_धंतोली

इंग्रजीतून मराठीत आणताना काय होतं ते सांगते. सगळ्यात जास्त मार खातो तो ‘डॉन्टिंग टास्क’. वर्तमानपत्रांत त्याचं ‘अवघड काम’ होतं. ‘अवघड’ म्हणजे ‘डिफिकल्ट’. काम सुरू करून हात घातल्यावर अवघड कळतं. ‘डॉन्टिंग’ हे सुरू करण्याआधी, नुसतं बघूनच वाटतं. ५०० पानांचा गठ्ठा ‘डॉन्टिंग’ असतो, आतला मजकूर सोपाही असू शकतो. म्हणून ‘छाती दडपणारं’, ‘धडकी भरवणारं’, कधी ‘डोंगराएवढं’. ‘छाती दडपणे’ मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्यात दडपण आहे, म्हणजे खाली दाबणं, आणि दमन त्याच दिशेचं आहे.

‘अनडॉन्टेड’चं ‘निर्भय’ करू नका. अनडॉन्टेड माणूस मनातून टरकलेला असू शकतो; तो फक्त थांबलेला नसतो. ‘न डगमगता’, ‘न कचरता’, ‘खचून न जाता’. मराठीत ते क्रियाविशेषण म्हणून छान बसतं, विशेषण करायला गेलात की ‘न डगमगलेली महिला’ असलं काहीतरी लाकडी तयार होतं. ‘डॉन्टलेस’ वेगळा: तो स्वभाव आहे, प्रसंग नव्हे. तिथं निडर, धीट, छातीचा.

भाववाचक नाम लागलं तर अडचण येते. ‘डॉन्टमेंट’ असा शब्द नाही. ‘डिसमे’ घ्यावा लागतो, त्यात ‘बळ काढून घेणं’ हा जुना अर्थ आहे, म्हणून तो चालून जातो.

रामदासपेठ_२

ताई, ‘डिटर’ आणि ‘काऊ’ यांचाही फरक सांगा ना. पर्यायी शब्दांच्या प्रश्नात हे तीन कायम एकत्र येतात.

अनुवाद_धंतोली

‘डिटर’ निकाल सांगतो: माणूस थांबला, परावृत्त झाला. भीती असेल, दंडाची रक्कम असेल, पाऊस असेल. पुढे ‘फ्रॉम’ येतो, ‘डिटर्ड हिम फ्रॉम गोइंग’. ‘डॉन्ट’पुढे ‘फ्रॉम’ लावायचा नाही, ही परीक्षेतली ठरलेली चूक. ‘डॉन्टेड बाय’ म्हणा.

‘काऊ’ म्हणजे दरडावून, धाकात ठेवून गप्प बसवणं. मागे माणूस लागतो, मालक, गुंड, दांडगा. आणि गोऱ्ह्याचं चित्र मनात बसलेलंच आहे म्हणून सांगते: या ‘काऊ’चा गाईशी संबंध नाही. तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलाय, ‘कूगा’, म्हणजे जुलूम करणं.

धातुपाठ

‘डिटर’मध्ये ‘तेर्रेरे’ आहे, तेच ‘टेरिफाय’मध्ये. त्याचा संस्कृत भाऊ त्रस्, त्यातून आपला ‘त्रास’. मूळ अर्थ थरथरणं. मराठीत त्रास निवळून ‘उपद्रव’ झाला, डासांचाही त्रास होतो. संत्रस्तमध्ये जुनी धार थोडी शिल्लक आहे. भीतीचे शब्द असे उतरत जातात. ‘डॉन्ट’ही ‘जिंकून पायाखाली घालणे’पासून ‘जरा बिचकवणे’पर्यंत उतरला.

तर्री_पोहा

तीन वाक्यं करून पाहिली, तपासा:

१. मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन त्यांना डॉन्ट करू शकलं नाही, सर्वेक्षण पूर्ण झालं. ‘द हीट डिड नॉट डॉन्ट देम.’

२. ‘ही वॉज डॉन्टेड टू स्पीक.’

३. ‘नथिंग डॉन्टेड, शी अप्लाइड अगेन.’ हे कुठंतरी वाचलेलं आहे. ‘काहीच डॉन्ट झालं नाही’ असा अर्थ लावला तर वाक्य लागत नाही.

धातुपाठ

पहिलं चोख. काम मनावर घेतलेलं आहे, अडथळा समोर आहे, हिंमत टिकली.

दुसरं चूक. ‘डॉन्टेड’नंतर ‘टू’ लावून क्रियापद येत नाही. ‘बोलायला कचरला’ म्हणायचं असेल तर ‘अफ्रेड टू स्पीक’. ‘डॉन्ट’च ठेवायचं असेल तर ज्यामुळे कचरला ते सांगा: ‘ही वॉज डॉन्टेड बाय द क्राउड’.

तिसरं बरोबर आहे. तिथं ‘नथिंग’ कर्ता नाही. ते ‘मुळीच नाही’ या अर्थाचं जुनं क्रियाविशेषण आहे. ‘मुळीच न खचता तिनं पुन्हा अर्ज केला.’ ही जोडी वाक्याच्या सुरुवातीला येते आणि तिच्यामागे स्वल्पविराम हवाच. तो गेला की ‘नथिंग’ कर्त्यासारखं दिसतं आणि वाचणारा तुमच्यासारखाच अडखळतो.